‘हो, जेवलो’ म्हणणारा माणूस

ताई,

मी ३८ वर्षांची आहे. तासगावला राहते, सांगलीत एका कार्यालयात नोकरी करते आणि गेली अकरा वर्षं एसटीनं अप-डाऊन करते. कॉलेजात असताना कथा लिहायचे. लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं लांबलेलं आजारपण यात ते सुटलं. दोन वर्षांपूर्वी पुन्हा सुरुवात केली. पण लिहायला बसलं की वाटतं, माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं घडलंय तरी काय? एका कथालेखन शिबिरात सरांनी सांगितलं, ‘माणसं बघा. बसमध्ये, बाजारात, दवाखान्यात अनोळखी माणसं बघा, तिथं कथा सापडेल.’ मी ते मनावर घेतलं. वर्षभरात तीन शंभरपानी वह्या भरल्या. कथा एकही झाली नाही. सोबत काही नोंदी पाठवते.

गेल्या महिन्यात शेजारच्या सीटवरच्या बाईंचं वर्णन लिहीत होते. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘माझं काय लिवताय?’ मला इतकी लाज वाटली की वही पिशवीत टाकली, ती अजून बाहेर काढलेली नाही. आपण लोकांच्या आयुष्यात चोरून बघतोय असं वाटायला लागलंय. हे चालू ठेवू की सोडून देऊ?

— अप-डाऊनवाली

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या नोंदी मी दोनदा वाचल्या. आधी नोंदींबद्दल बोलते, त्या बाईंकडे नंतर येते. त्यांचा प्रश्न मोठा आहे, त्याला घाईघाईत उत्तर द्यायचं नाही.

तुमची पहिली नोंद अशी : ‘निळी सुती साडी, कपाळावर मोठं कुंकू, हातात वायरची पिशवी, चेहऱ्यावर थकवा. वय पन्नासच्या आसपास.’ पुढच्या पानावर : ‘कॉलेजची मुलगी, कानात इअरफोन, खिडकीबाहेर बघतेय, डोळ्यांत स्वप्नं.’ अशा नोंदी तुमच्या वह्यांत ढिगानं असणार. त्या खोट्या नाहीत, पण अशा आणखी तीन वह्या भरल्या तरी त्यातून कथा निघायची नाही. साडीचा रंग, कुंकवाचा आकार हे हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीत लागतं. आणि ‘थकवा’, ‘स्वप्नं’ हे तर तुम्ही पाहिलेलंच नाही. ते तुम्ही घरून घेऊन निघाला होता. संध्याकाळच्या गाडीत पन्नाशीची बाई दिसली की थकवा, तरुण मुलगी दिसली की स्वप्नं. त्या मुलीची कदाचित दाढ दुखत असेल.

मग चौथ्या पानावर, अगदी तळाशी, हे सापडलं :

‘नेहमीचा माणूस. सहाची गाडी. माधवनगर मागं पडलं की त्याचा फोन वाजतो. “हो, जेवलो” म्हणतो. फोन खिशात ठेवतो आणि डबा उघडून जेवायला लागतो. नखं पिवळी.’

एवढं लिहून तुम्ही पुढच्याच ओळीत कंडक्टरच्या मिशांकडे वळलात. मी मात्र तिथून हलले नाही.

अनोळखी माणूस आपल्याला कथा देत नाही. कथा त्याच्याकडे असली तरी ती त्याची त्याच्यापाशी असते, गाडीतल्या पंचवीस किलोमीटरांत ती आपल्या हाती लागायची नाही. तो फार तर एक गाठ दाखवतो. तोंड एक बोलतं आणि हात दुसरंच करतात, माणूस जागा असून बसत नाही, पैसे असून घासाघीस करतो, हसायच्या जागी गप्प होतो. असा सांधा जिथं निखळलेला दिसेल तेवढीच नोंद करा. बाकीचं सोडून द्या. दिवसाला एक ओळ झाली तरी पुष्कळ, आणि आठवडाभर काहीच मिळालं नाही तर वही कोरी राहू द्या.

माझ्यापुरतं सांगते. दोनेक वर्षांपूर्वी कराडहून विट्याला चालले होते. कडेगावला एक आजी चढल्या. कंडक्टरनं कार्ड मागितलं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झालाय, त्यामुळे त्यानं शून्य रुपयाचं तिकीट काढून हातात दिलं. आजींनी ते घेतलं, उलटसुलट करून बघितलं. त्यांच्या दुसऱ्या मुठीत वीसची नोट होती. ती त्यांनी पुढं केली. ‘आजी, पैसे न्हाईत लागत,’ म्हणून कंडक्टर पुढं गेला. नोट कनवटीला परत जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. विटा येईपर्यंत ती मूठ तशीच मिटलेली. उतरताना दाराजवळच्या सीटवर आईच्या मांडीवर बसलेल्या एका पोराच्या हातात त्यांनी ती नोट कोंबली आणि मागं न बघता उतरून गेल्या. पोराची आई ‘अवो आजी’ म्हणेपर्यंत त्या गर्दीत मिसळल्या होत्या.

ती मूठ दीड वर्ष माझ्या डोक्यात राहिली. शेवटी जी कथा झाली तिच्यात बस नाही, आजीही नाहीत. ती एका निवृत्त पोस्टमनची आहे. मुलाच्या घरी राहायला आल्यापासून तो दर एक तारखेला फ्रिजवर हजार रुपये ठेवतो आणि घरातलं कुणी ते उचलत नाही. आजींकडून मी काय घेतलं? एवढंच, की उभा जन्म पैसे मोजून ज्यानं जागा मिळवली त्याला फुकटची जागा टोचते. त्यांचं नाव, गाव, लुगडं, बोलणं यातलं काहीही मला लागलं नाही. लागली ती मिटलेली मूठ.

आता तुमच्या माणसाकडे येऊ. नखं पिवळी म्हणजे बहुतेक हळद. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथल्या हमालाचे हात पिवळे, तोलाईदाराचे पिवळे, नमुना तळहातावर घेऊन पारखणाऱ्याचेही पिवळे. तुमच्या मनात पहिलं उत्तर काय येईल ते मी ओळखते : कामाच्या धबडग्यात दुपारी जेवायला सवड झाली नाही, बायकोला काळजी नको म्हणून खोटं सांगतो. बिचारा. हे उत्तर वाईट नाही. पण ते पहिलं आहे, आणि पहिलं उत्तर गाडीतल्या पन्नासही जणांना सुचेल. ते बाजूला ठेवा आणि तुमच्याच नोंदीला परत विचारा. नव्या हळदीची आवक मुख्यतः फेब्रुवारीपासून मेपर्यंत, तेव्हा यार्डात जेवण चुकलं तर समजू शकतं. तुमच्या नोंदीवर तारीख १८ ऑगस्टची आहे. आणि तुम्ही ‘नेहमीचा’ लिहिलंय. म्हणजे धबडगा नसतानाही हा माणूस दुपारी डबा उघडत नाही.

मग पुढं सरका. फोनवर बायकोच आहे कशावरून? आई असेल. पुण्यात शिकायला ठेवलेली मुलगी असेल, रोज सहाला बापाला विचारणारी. आणि दुपारी तो उपाशीच असतो कशावरून? दुकानात दुसऱ्या कुणाच्या डब्यातलं खात असेल, आणि हा डबा रिकामा होऊन घरी जायलाच हवा म्हणून गाडीत संपवत असेल, भूक नसताना. किंवा मला सगळ्यात खोल वाटतं ते असं : यार्डातल्या चार ओळखीच्या माणसांसमोर तो हा डबा उघडू शकत नाही, पण पन्नास अनोळखी माणसांसमोर उघडू शकतो. का? डब्यात असं काय आहे, की जे ओळखीच्यांना दिसू नये आणि अनोळख्यांना दिसलं तरी चालतं?

बघा, इथं आल्यावर माणूस नुसता बिचारा राहत नाही. त्याला एक दुपार मिळते, चार सोबती मिळतात, एक लपवायची गोष्ट मिळते. हे तुम्ही त्याच्याकडे टक लावून बघून मिळवलेलं नाही. बघणं तीन ओळींत संपलं, पुढचं घरी बसून विचारानं झालं. तुमच्या तीन वह्या का आटल्या याचं कारण मला इथं दिसतं. तुम्ही बघत राहिलात आणि जिथं थांबून कल्पना करायची तिथं पुढच्या माणसाकडे गेलात. त्या माणसाला जाऊन विचारू मात्र नका. खरं कारण कळलं की तुमचं सुचणं बंद होईल. शिवाय ते कारण विचारायचा आपल्याला हक्कही नाही.

कानांबद्दल थोडं सांगायचंय, कारण तुमच्या नोंदींत डोळेच डोळे आहेत. एक शब्द तुम्ही फार चांगला टिपलाय : ‘लिवताय’. तुम्ही तो ‘लिहिताय’ करून पाठवला नाहीत, त्यातच तुम्हाला कान आहे हे मला कळलं. आपल्या भागातली माणसं वाक्यं पुरी करत नाहीत. ‘तसं न्हाई, पर ते म्हंजे…’ एवढ्यावर थांबतात आणि समोरच्याला बरोब्बर कळतं. नेमकं काय कळलं, ते लिहून बघा. दुसरं, फोनवर बोलणाऱ्याची आपल्याला एकच बाजू ऐकू येते. ‘हां… हां… कवा?… मग तिनं काय केलं?… ऱ्हाऊ दे, मी बघतो.’ दुसरी बाजू घरी गेल्यावर तुम्ही लिहा. महिनाभर हे करा. संवाद लिहायची भीती जाईल, आणि शिबिरांत ज्याला ‘पात्रनिर्मिती’ म्हणतात ती न शिकता जमायला लागेल.

गाडीत वही काढू नका. त्या बाईंना अवघडल्यासारखं झालं असेल, हे एक कारण झालंच, पण मी आणखी एका कारणानं सांगते. जागच्या जागी लिहिलं की सगळंच लिहिलं जातं. उतरून, घरी जाऊन, कुकर लावून, मुलांचं आवरून रात्री दहाला आठवायला बसलं की चाळणीतून कोंडा वर राहतो आणि पीठ खाली येतं. साडीचा रंग विसरलात तर विसरू द्या. जे रात्री दहालाही डोक्यातून जात नाही तेच तुमचं.

आणि नव्या माणसांसाठी नव्या जागा धुंडाळू नका. तुम्ही नोंदींच्या शेवटी लिहिलंय की आता रविवारी मिरज जंक्शनवर जाऊन बसावं म्हणतेय. काही गरज नाही. अरुण कोलटकर मुंबईत काळा घोडा चौकातल्या ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात वर्षानुवर्षं जाऊन बसत. तोच चौक, तीच फुटपाथवर राहणारी माणसं, झाडूवाल्या, भटकी कुत्री, सकाळची इडली. ज्या पुतळ्यावरून चौकाला नाव पडलं तो १९६५ मध्येच तिथून हलवला होता, नाव मात्र राहिलं. त्या चौकावरच्या त्यांच्या इंग्रजी कविता पुस्तकात आल्या त्या २००४ साली, त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी. एक चौक एवढ्या वर्षांत संपला नाही. तुमच्याकडे अकरा वर्षांची एक गाडी आहे. कवलापूर, कवठे एकंद ही नावं तुमच्या तोंडात आहेत. एखादा माणूस रोज दिसतो म्हणूनच तो एक दिवस वेगळा वागला तर तुम्हाला कळतं. जंक्शनवर सगळेच वेगळे, तिथं काय कळणार?

आता त्या बाई.

‘माझं काय लिवताय?’ या प्रश्नात राग होता असं तुम्ही धरून चाललात. पत्रात तरी तसं काही दिसत नाही. मला तो साधा, सरळ आणि रास्त प्रश्न वाटतो. आपल्याबद्दल काही लिहिलं जात असेल तर विचारायचा अधिकार कुणालाही आहे. तुम्हाला लाज वाटली, ती का वाटली ते मात्र नीट तपासा. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवता आलं असतं का? ‘चेहऱ्यावर थकवा’ हे ऐकून त्या म्हणाल्या असत्या, ‘मी न्हाई बाई दमल्याली.’ आणि त्यांचंच खरं असतं. मला वाटतं तुमची लाज चोरून बघितल्याची नाही. उगाचच त्यांची कीव केली, त्याची आहे. ती लाज चांगली आहे. ती घालवू नका, लिहिताना शेजारी बसवा.

याचा अर्थ फक्त गोड गोड लिहावं असा नाही. कथेत माणूस लबाड असू शकतो, निर्दय असू शकतो, आईला विसरलेला असू शकतो. पण तो तुम्ही घडवलेला माणूस हवा, गाडीतली ती बाई नव्हे. आणि इथं आपल्याला मोठ्या शहरातल्या लेखकापेक्षा जास्त जपावं लागतं. ‘कवठे एकंदची, नवरा द्राक्षबागेत, धाकटा दीर फौजेत’ एवढं लिहिलंत तर अर्धा तालुका बोट दाखवील. साडी निळीची हिरवी केली म्हणजे माणूस लपत नाही. धंदा बदला, नातं बदला, वय बदला, बाईचा पुरुष करा, गाव दुसऱ्या जिल्ह्यात न्या. तिनं स्वतः ती कथा वाचली तरी ‘हे माझं’ असं तिला वाटू नये. ‘हे कुणाचं तरी खरं आहे’ असं वाटावं. मोबाईलवर फोटो काढणं, बोलणं रेकॉर्ड करणं हे तर अजिबात नको, नुसतं ‘लक्षात राहावं म्हणून’ सुद्धा नको.

तुमच्या सरांनी दवाखान्याचं नाव घेतलं. माझं मत वेगळं आहे. ओपीडीच्या बाकावर माणूस आपलं दुखणं बोलतो ते नाइलाजानं, दार उघडं असतं म्हणून ते आपल्या कानावर पडतं. ते मी वहीत घेत नाही. पोलीस चौकीतलं घेत नाही, कोर्टाच्या व्हरांड्यातलं घेत नाही. तिथं बसावं लागलं तर बसते, शेजारच्याला पाणी हवंय का विचारते. लिहायला जगात इतर जागा पुष्कळ आहेत.

त्या बाई पुन्हा भेटल्या, आणि अप-डाऊनमध्ये भेटतातच, तर खरं सांगा : ‘मी गोष्टी लिहिते. माणसं कशी बोलतात ते ध्यानात ठेवते.’ मग त्या बोलायला लागल्या तर ऐका. पण एकदा त्यांनी विश्वासानं काही सांगितलं की त्या अनोळखी राहिल्या नाहीत. ते लिहायचं असेल तर त्यांना विचारूनच.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. ‘माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं घडलंय तरी काय?’ त्याआधीच्या ओळीत तुम्ही सासूबाईंचं लांबलेलं आजारपण तीन शब्दांत उरकलंय. व्यंकटेश माडगूळकर तुमच्याच जिल्ह्यातल्या आटपाडीकडचे. १९४९ मध्ये त्यांचं ‘माणदेशी माणसं’ आलं, तेव्हा ते जेमतेम बाविशीचे होते. त्यातली माणसं त्यांनी गाडीतून जाताजाता पाहिली नव्हती, त्यांच्यात ते वाढले होते. अनोळखी माणसाच्या कथेत आतला मसाला असा आपल्या घरचाच घालावा लागतो, तो बाहेर मिळत नाही. म्हणून विचारते. अकरा वर्षांत त्या गाडीतून हजारो माणसं गेली असतील. त्यातून ‘हो, जेवलो’ म्हणून मग डबा उघडणारा हाच तुम्हाला का दिसला? सासूबाईंच्या त्या दिवसांत माहेरून फोन यायचा, तुमची आई विचारायची, तेव्हा तुम्ही काय सांगत होता? तेव्हा ताट कुठं झाकून ठेवलेलं असायचं?

मला उत्तर कळवू नका. ते त्या माणसाला द्या, म्हणजे कथेतल्या माणसाला. त्याला हळदीच्या यार्डातून उचलून दुसरीकडे कुठंतरी न्या, नखांचा रंग बदला, गाडीही बदलली तरी चालेल. सोमवारी सहाच्या गाडीत तो दिसला तर खिडकीबाहेर बघा, त्याला निवांत जेवू द्या. रात्री वही पिशवीतून काढा. डब्यात काय असतं हे तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही. तिथून सुरू करा.

— तुमची ताई